लिनक्स, वेगळ्या प्रोसेसरची मशीनं आणि बंद प्लगइन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी कोणी ना कोणी पोत्यात गुंडाळलेला सीपीयू घेऊन दारात उभा असतो. विंडोज ११ त्यावर चढत नाही, नवं घ्यायला पैसा नाही, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम. एकदोन शाळांना देणगीतून रास्पबेरी पाय (तळहाताएवढे छोटे कॉम्प्युटर) मिळाले आहेत, तेही माझ्याकडेच येतात. लिनक्स बसतं, मराठी टायपिंग होतं, प्रिंटर निघतो. आठ दिवसांनी फोन येतो: "सगळं चालते जी, पण ते नाही चालत."

'ते' म्हणजे कुणाचं ओटीटी, कुणाचं डीएससी टोकन (डिजिटल सहीचं यूएसबी उपकरण), कुणाची शाळेतली जुनी सीडी. प्रत्येकात ब्राउझरला जोडून चालणारा एखाद्या कंपनीचा बंद तुकडा असतो, म्हणजे प्लगइन. तेच तेच सांगून घसा बसला म्हणून हे लिहून काढलं. आज्ञा मी फोनवर सांगतो तशाच उच्चाराने देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजीच्या छोट्या अक्षरांत टाका.

प्र. लिनक्स तर सारखंच आहे ना? मग पोराच्या लॅपटॉपवर चालते अन् शाळेच्या डब्यावर काऊन नाही?

लिनक्स तेच, खालचा प्रोसेसर वेगळा. लॅपटॉपमध्ये इंटेल किंवा एएमडीची चिप असते, तिला एक्स८६-६४ म्हणतात. पायमध्ये एआरएम असतं, म्हणजे मोबाइलच्या घराण्यातलं. एकासाठी बांधलेला प्रोग्रॅम दुसऱ्याला वाचताच येत नाही.

मग फायरफॉक्स, लिब्रेऑफिस दोन्हीकडे कसे चालतात? त्यांचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, उघडा आहे. डेबियनसारखी लिनक्स बनवणारी मंडळी तो घेऊन प्रत्येक आर्किटेक्चरसाठी, म्हणजे प्रोसेसरच्या प्रत्येक जातीसाठी, वेगळा बांधतात. घरचं बियाणं असलं की आपण आपल्या रानात पेरून पाहतो, पुढच्या सालासाठी धरून ठेवतो. पाकिटातल्या संकरित पऱ्हाटीचं तसं नसतं, दरसाल कंपनीच्याच दारात जावं लागतं. बंद प्लगइन या दुसऱ्या जातीचं आहे. कंपनीने तुमच्या प्रोसेसरसाठी बांधून दिलं असेल तर आहे, नसेल तर नाही. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी "कसं बसवायचं" हा नसतो, "तुमच्या मशीनसाठी ते बनलंच आहे का" हा असतो. यात अर्धे फोन तिथल्या तिथे मिटतात.

प्र. माझं मशीन कोणत्या आर्किटेक्चरचं आहे हे कसं पाहू?

टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा आणि 'यूनेम -एम' टाका. एक्स८६-६४ आलं तर नेहमीचं ६४-बिट मशीन. आय६८६ आलं तर ३२-बिट. एआर्च६४ म्हणजे ६४-बिट एआरएम, एआरएमव्ही७एल म्हणजे ३२-बिट एआरएम.

इथेच एक फसवणूक आहे आणि तिच्यात माझा एक अख्खा दिवस गेला. यूनेम फक्त कर्नलबद्दल, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याबद्दल, सांगतं. रास्पबेरी पायच्या ३२-बिट सिस्टिममध्ये पाय ४ वर कर्नल मात्र ६४-बिटचं चालतं. २०२३ पासून ते आपोआप तसंच असतं. म्हणजे यूनेम सांगणार एआर्च६४, आणि वरचे सगळे प्रोग्रॅम ३२-बिट. एका शाळेतल्या पायवर मी इन्स्टॉल करायची एक स्क्रिप्ट चालवली. तिने यूनेमला विचारून ६४-बिटची फाइल उतरवली. चालवायला गेलो तर उत्तर आलं, 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. फाइल समोर दिसते आहे, एलएस मारलं की नाव येतं, आणि लिनक्स म्हणतं अशी फाइलच नाही! नाव बदललं, परवानग्या बदलल्या, मेमरी कार्ड बदललं. दुपारी मुख्याध्यापकांनी डब्यातली भाकर पुढे केली तेव्हा कुठे डोकं शांत झालं. लिनक्सला ती फाइल सापडत होती. ती फाइल सुरू करून देणारा ६४-बिटचा लोडर त्या सिस्टिममध्ये नव्हता. तक्रार त्याच्या नावाची होती.

तेव्हापासून मी दुसरी आज्ञा सांगतो: 'डीपीकेजी', जागा सोडून दोन आडव्या रेघा, 'प्रिंट', एक रेघ, 'आर्किटेक्चर'. ही वरच्या प्रोग्रॅमचं आर्किटेक्चर सांगते. एएमडी६४, आय३८६, एआरएम६४ किंवा एआरएमएचएफ यांपैकी एक येईल. यूनेमचं आणि हिचं जुळत नसेल तर हिचं खरं धरा. (एएमडी६४ दिसलं म्हणून घाबरू नका, इंटेलच्या मशीनवरही तेच येतं. ६४-बिटची ही पद्धत एएमडीने आधी आणली, म्हणून नाव तिचं राहिलं.)

प्र. हातात असलेली प्लगइनची फाइल माझ्या मशीनची आहे का, हे बसवण्याआधी कळेल का?

कळेल. लिनक्सवर प्लगइन बहुधा .एसओ नावाच्या फाइलमध्ये असतं. 'फाइल' ही आज्ञा लिहून पुढे तिचं नाव द्या. उत्तरात 'एक्स८६-६४' किंवा 'एआरएम एआर्च६४' असं स्पष्ट येतं. मग 'एलडीडी' पुढे तेच नाव द्या; 'नॉट फाउंड' दिसलं तर एखादी जोडीची लायब्ररी कमी आहे, आणि ती बहुधा आणता येते. पण एलडीडी फक्त भरवशाच्या फाइलवर चालवा, कारण ती तपासताना फाइलमधला काही भाग चालूनही जाऊ शकतो.

'राँग ईएलएफ क्लास' अशी चूक आली तर ३२ आणि ६४ ची गल्लत आहे. 'एक्झेक फॉरमॅट एरर' आली तर प्रोसेसरच वेगळा. या दोन्हींवर फाइल दहादा उतरवून उपयोग नाही.

प्र. मित्राच्या लॅपटॉपमधली .एसओ फाइल पेनड्राइव्हवर आणून टाकली तर?

दोघांचं आर्किटेक्चर एक असेल तर कदाचित चालेल. नसेल तर नाही.

प्र. पण ब्राउझरचं 'प्लगइन' हा प्रकार आता उरला आहे का?

जुन्या अर्थाने नाही. नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळापासून एनपीएपीआय नावाची एक पद्धत होती. फ्लॅश, जावा, सिल्व्हरलाइट सगळे त्याच दारातून ब्राउझरमध्ये शिरायचे. क्रोमने लिनक्सवर ते दार २०१४ मध्येच लावलं आणि २०१५ मध्ये सगळीकडे लावलं. फायरफॉक्सने मार्च २०१७ च्या ५२ व्या आवृत्तीपासून फ्लॅश सोडून बाकी सगळ्यांना बाहेर काढलं. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपलं. १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश बनवणाऱ्या अडोबी कंपनीच्या प्लेअरने स्वतःच चित्र दाखवायचं थांबवलं आणि त्याच महिन्यात आलेल्या फायरफॉक्स ८५ ने ते दार कायमचं बुजवलं.

आता बंद तुकडे तीन वाटांनी येतात. एक, सिनेमाचं कुलूप उघडणारा वाइडवाइन, जो ब्राउझरच्या आतच बसतो. दोन, टोकनचा ड्रायव्हर, जो ब्राउझर सुरक्षेच्या उपकरणासारखा उघडतो. तीन, कॉम्प्युटरवर वेगळा चालणारा छोटा प्रोग्रॅम, ज्याच्याशी वेबसाइट आतल्या आत बोलते. लोक तिन्हींना प्लगइनच म्हणतात, मीही म्हणतो. मात्र दुरुस्ती करताना कोणत्या वाटेवरचं दुखणं आहे हे आधी ओळखावं लागतं.

प्र. प्रोसेसर नवा अन् प्लगइन त्यासाठी बनलेलंच नाही, असं आधीही झालं होतं का?

झालं होतं, आणि तेव्हा मी नवीनच दुकान टाकलं होतं. एएमडीने ६४-बिटचा ऑप्टेरॉन हा प्रोसेसर २००३ मध्ये आणला. लिनक्स त्यावर लगेच चालू लागलं. फ्लॅश मात्र ३२-बिटच. अडोबीने ६४-बिट लिनक्ससाठी पहिली कच्ची आवृत्ती नोव्हेंबर २००८ मध्ये दिली, जून २०१० मध्ये ती मागे घेतली, आणि पक्की आवृत्ती आली ऑक्टोबर २०११ मध्ये, फ्लॅश ११ बरोबर. म्हणजे आठ वर्षं गेली.

मधल्या काळात आम्ही एनएसप्लगइनरॅपर नावाचं एक साधन वापरायचो. ६४-बिट ब्राउझर आणि ३२-बिट फ्लॅश या दोघांना ते एकमेकांशी बोलतं करायचं. चालायचं, पण दर तासा-दोन तासाने व्हिडिओच्या जागी राखाडी चौकोन उरायचा. मग टर्मिनलमधून ती प्रक्रिया मारून पान पुन्हा उघडायचं. गिऱ्हाइकाला मी ती आज्ञा कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवून द्यायचो.

त्या दिवसांतला एक किस्सा सांगण्यासारखा आहे. २०१० मध्ये फेडोरा १४ या लिनक्सवर फ्लॅशचा आवाज खरखरायला लागला. फ्लॅशमध्ये काही बदल झाला नव्हता. बदल झाला होता जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीतल्या मेमकॉपी या कामात. मेमरीतला मजकूर एका जागेवरून दुसरीकडे नेणारं हे काम आता वेगासाठी काही प्रोसेसरवर उलट्या दिशेने होऊ लागलं. नियम असा की दोन्ही जागा एकमेकींवर चढलेल्या असतील तर मेमकॉपी वापरायचंच नाही. फ्लॅशने वापरलं होतं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स स्वतः त्या बगच्या चर्चेत उतरले. त्यांचं म्हणणं असं की नियम कोणाच्या बाजूचा आहे याच्याशी वापरणाऱ्याला घेणंदेणं नाही, त्याचा आवाज बिघडला आहे. मला अजूनही त्यांचंच पटतं. उघडा कोड असता तर एक ओळ बदलून गोष्ट संपली असती.

प्र. शाळेच्या जुन्या शैक्षणिक सीड्या नव्या मशीनवर लागत नाहीत. फेकून द्यायच्या का?

अजिबात नको. त्यातल्या बऱ्याच फ्लॅशमध्ये बनवलेल्या आहेत. सीडीत .एसडब्ल्यूएफ फाइली दिसल्या तर रफल नावाचं साधन वापरा. रफल म्हणजे फ्लॅश प्लेअरची नव्याने, उघड्या कोडमध्ये केलेली बांधणी. ते वेबअसेम्ब्ली या ब्राउझरला थेट चालवता येणाऱ्या प्रकारात बांधलेलं असल्यामुळे ब्राउझरच्या आतच चालतं, म्हणून खाली एआरएम असो की इंटेल, त्याला फरक पडत नाही. या पानावर आर्किटेक्चरची कटकट नसलेलं हे एकच उत्तर आहे.

फायरफॉक्स किंवा क्रोमियममध्ये रफलचं एक्स्टेंशन घाला, त्याचा स्वतःचा प्लेअर उघडा आणि तिथून फाइल निवडा. इंटरनेट फक्त एक्स्टेंशन उतरवण्यापुरतं लागतं.

अडचणी तीन. फ्लॅशच्या भाषेतले, जुन्या ॲक्शनस्क्रिप्ट १ आणि २ मधले धडे बहुधा नीट चालतात, ३ मधले काही अडतात. चालवून पाहिल्याशिवाय कळत नाही. दुसरं, मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल आणि फॉन्ट फाइलीत गुंडाळलेला नसेल, तर 'पाणी' च्या जागी भलतीच चिन्हं येतात. तिसरं, सीडीत फक्त .ईएक्सई असेल तर निराश होऊ नका. पुष्कळदा त्या फाइलीच्या शेपटाला अख्खी .एसडब्ल्यूएफ चिकटवलेली असते आणि ती सोडवून काढता येते. .डीसीआर फाइली मात्र शॉकवेव्ह या वेगळ्या प्लगइनच्या, त्या रफलच्या कामाच्या नाहीत.

मागच्या पावसाळ्यात एका जिल्हा परिषद शाळेत 'बेरीज-वजाबाकी'ची सीडी अशीच जिवंत केली. तिसरीतल्या एका पोरीने बैलाच्या चित्रावर क्लिक केलं, बैल हंबरला, आणि मग त्या दिवशी बेरीज कोणीच केली नाही. सगळे रांगेने येऊन बैल हंबरवत राहिले.

प्र. एका साइटवर 'फ्लॅश प्लेअर २०२६' मिळून राह्यला. टाकू का?

नको. ते फ्लॅश नाही.

प्र. रास्पबेरी पायवर ओटीटी लागत नाही, पडदा काळा येतो.

बहुतेक ओटीटी सिनेमा कुलूप लावून पाठवतात. ब्राउझरमध्ये ते उघडायची प्रमाण पद्धत वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने सप्टेंबर २०१७ मध्ये ठरवली, पण किल्ली मात्र बंद राहिली. बहुतेक ठिकाणी ती गुगलचं वाइडवाइन असते. लिनक्सवर ही एक .एसओ फाइल आहे. इंटेल-एएमडी मशीनवर क्रोममध्ये ती आधीच असते आणि फायरफॉक्स ती मागितल्यावर आपोआप उतरवतो. एआरएमवर घोळ होतो.

पायवर सगळ्यात सोपी वाट म्हणजे रास्पबेरी पायची स्वतःची सिस्टिम टाकणं. त्यांनी २०२१ मध्ये ३२-बिटसाठी 'लिबवाइडवाइनसीडीएम०' हे पॅकेज दिलं. २०२२ च्या फेब्रुवारीत ६४-बिट सिस्टिम पक्की झाली तेव्हा तिच्यासाठी ते नव्हतं, म्हणून लोक ६४-बिटमध्ये ३२-बिटचं क्रोमियम बसवत होते. आता ६४-बिटलाही ते पॅकेज मिळतं. अपडेट करा, पॅकेज आहे का पाहा, क्रोमियम बंद करून उघडा. साधं डेबियन किंवा उबुंटू पायवर टाकलं असेल तर हे पॅकेज त्यांच्या भांडारात सापडणार नाही, आणि काळा पडदा बहुधा त्यामुळेच आहे.

ॲपलच्या एम चिपवर लिनक्स चालवणाऱ्या असाही लिनक्सच्या मंडळींनी दुसरी वाट काढली. क्रोमबुकमध्ये एआरएम असतं, म्हणजे गुगलने एआरएमसाठी वाइडवाइन बांधलेलं आहेच. त्यांचं साधन गुगलच्याच क्रोमओएसच्या फाइलीतून ते काढून, थोडं दुरुस्त करून बसवतं. हुशारी आहे, पण वरून अपडेट आला की पुन्हा पाहावं लागतं. ज्याला खिडकीत टर्मिनल उघडं ठेवून जगायची सवय आहे त्याने करावं.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. काही ओटीटी 'लिनक्स एआर्च६४' हे नाव पाहूनच नाही म्हणतात, वाइडवाइन बसलेलं असलं तरी. आणि लिनक्सवर वाइडवाइन सगळ्यात खालच्या, एल३ दर्जाचं असतं, त्यामुळे काही ठिकाणी चित्र धूसर मिळतं. तो दोष तुमच्या नेटवर्कचा नाही.

प्र. पाय ४ वर चालत होतं, तेच मेमरी कार्ड पाय ५ मध्ये टाकलं तर प्रोग्रॅम उघडताच बंद होतो.

पाय ५ चं कर्नल मेमरी १६ किलोबाइटच्या पानांत वाटतं. आधीचे ४ च्या पानांत वाटायचे. ४ गृहीत धरून बांधलेल्या काही बंद लायब्ऱ्या इथे कोसळतात. बूटच्या फर्मवेअर फोल्डरमधल्या 'कॉन्फिग डॉट टीएक्सटी' फाइलीत 'कर्नल', बरोबरचं चिन्ह, 'कर्नल८ डॉट आयएमजी' ही ओळ मध्ये जागा न सोडता टाकून पुन्हा सुरू करा, जुन्या मापाचं कर्नल येईल. वेग थोडा कमी होतो, जाणवत नाही.

प्र. ग्रामपंचायतीच्या निविदेसाठी डीएससी टोकन लावलं. लिनक्स त्याला ओळखतच नाही.

सगळ्यात जास्त फोन याचेच, तेही मार्चमध्ये. म्हणून जरा सावकाश सांगतो.

टोकन दिसतं पेनड्राइव्हसारखं, पण आत एक छोटं स्मार्टकार्ड असतं. सहीची खाजगी किल्ली त्यातून बाहेर येत नाही, सही आतच होते. त्यामुळे ब्राउझरला टोकनशी बोलायला विक्रेत्याची .एसओ फाइल लागते. साखळीत चार कड्या आहेत, आणि त्या खालून वर तपासायच्या.

पहिली: 'एलएसयूएसबी' आज्ञा द्या. टोकन लावल्यावर एक ओळ वाढली पाहिजे. वाढली नाही तर केबल, हब किंवा पोर्ट पाहा. समोरच्या पोर्टला लावून काम न होणारी, मागच्या पोर्टला होणारी टोकनं मी मोजणं सोडून दिलं आहे.

दुसरी: स्मार्टकार्डशी बोलणारी 'पीसीएससीडी' ही सेवा चालू हवी. 'पीसीएससी-टूल्स' बसवून 'पीसीएससी_स्कॅन' चालवा. कार्डाच्या आकड्यांची लांब ओळ आली म्हणजे लिनक्सने टोकन ओळखलं. इथपर्यंत सगळं उघड्या कोडवर चालतं, म्हणून पायवरही होतं. माणसाला वाटतं झालंच आता.

तिसरी कडी म्हणजे विक्रेत्याची .एसओ, आणि पायवाले इथेच अडकतात. माझ्या हाती आलेल्या टोकनांच्या लिनक्स फाइली एक्स८६ च्याच होत्या. एआरएमची फाइल विक्रेता देत नसेल तर पायवर निविदेचं काम होणार नाही, एवढंच उत्तर आहे. ओपनएससी नावाचा उघडा ड्रायव्हर काही टोकनांना येतो, पण सर्टिफिकेट विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरने घातलेलं असेल तर ते त्याला दिसेलच असं नाही. पाहायला हरकत नाही, मात्र पिन विचारला की थांबा. चुकीचा पिन पुन्हा पुन्हा टाकला तर टोकन लॉक होतं.

चौथी: ब्राउझर. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी आणि सिक्युरिटीखाली सिक्युरिटी डिव्हायसेस, तिथे लोड, आणि .एसओचा पूर्ण पत्ता. क्रोमियमसाठी 'मॉडयूटिल' या आज्ञेने तीच फाइल एनएसएस या सुरक्षा-लायब्ररीच्या साठ्यात नोंदवावी लागते.

आता उबुंटूवाल्यांसाठी. इंटेल मशीन आहे, फाइल बरोबर आहे, स्कॅनमध्ये टोकन दिसतं, आणि तरी फायरफॉक्स म्हणतो मॉड्यूल जोडता येत नाही? उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅपमधून येतो. स्नॅप म्हणजे कुंपणातलं पॅकेज. सिस्टिमच्या फोल्डरमधली परकी .एसओ त्याला दिसत नाही. मोझिला जानेवारी २०२४ पासून, आवृत्ती १२२ पासून, स्वतःचं .डेब, म्हणजे डेबियन-उबुंटूचं नेहमीचं, पॅकेज देते. स्नॅप काढून ते टाका.

एक ग्रामसेवक रात्री साडेआठला टोकन शर्टाच्या खिशात घालून मोटारसायकलवर आले होते, निविदा दुसऱ्या दिवशी अकराला. तीन ठिकाणी त्यांना सांगितलं होतं की टोकन खराब आहे, नवं घ्या. टोकन चांगलं होतं. स्नॅप काढला, डेब टाकला, मॉड्यूल जोडलं, आणि यादीत सरपंचबाईंचं नाव आलं. तेवढ्यात लाइट गेली. इन्व्हर्टर होता म्हणून बरं.

प्र. टोकन दिसते, पण साइट म्हणते 'साइनर सुरू नाही'. साइनर तर चालू आहे.

पूर्वी सह्या जावा ॲपलेटने व्हायच्या. जावाचं ब्राउझर प्लगइन जावाच्या जेडीके ११ या आवृत्तीतून, म्हणजे २०१८ मध्ये, काढून टाकलं. आता बऱ्याच साइट तुमच्याच कॉम्प्युटरवर सही करणारा एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजे साइनर, चालवायला लावतात आणि त्याच्याशी १२७.०.०.१ या घरच्या पत्त्यावर बोलतात. हे बोलणंही कुलूपबंद असतं, त्यासाठी तो प्रोग्रॅम स्वतःचं सर्टिफिकेट बसवतो. पण फायरफॉक्सचा सर्टिफिकेटचा साठा वेगळा असतो आणि तिथे ते पोचत नाही. साइनर चालू असूनही ब्राउझर त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. साइनरच्या फोल्डरमधलं ते सर्टिफिकेट फायरफॉक्समध्ये हाताने आयात करा.

आणि "जावा कुठेही चालते" यावर फार भिस्त ठेवू नका. जावा चालते, पण शेवटी ती टोकनच्या त्याच .एसओ फाइलला हाक मारते.

प्र. अंगठ्याचं मशीन लिनक्सवर चालेल का?

आधारच्या नोंदणीकृत यंत्रांना आरडी सर्व्हिस, म्हणजे यंत्र आणि साइट यांना जोडणारा कंपनीचा प्रोग्रॅम, लागते. साइट तिला तुमच्याच मशीनवरच्या १११०० ते १११२० या (यूएसबीच्या नव्हे, नेटवर्कच्या) पोर्टांवर शोधते. कंपन्या ही सेवा मुख्यतः विंडोज आणि ॲन्ड्रॉइडसाठी देतात. लिनक्सवर डोकं फोडण्यापेक्षा अंगठ्याचं मशीन ओटीजी केबलने मोबाइलला लावा. पीएम-किसानची ई-केवायसी तर ओटीपीने किंवा ॲपमध्ये चेहरा दाखवूनही होते. शेतातल्या कामाने आजीच्या बोटावरच्या रेषाच पुसल्या असतील तर लिनक्स काय अन् विंडोज काय.

प्र. पायवर इंटेलचे प्रोग्रॅम चालवणारं काही आहे म्हणतात?

बॉक्स६४. एक्स८६-६४ चा प्रोग्रॅम ते एआरएमवर दुभाष्यासारखं चालवतं, आणि खेळांसाठी मला ते आवडतं. ब्राउझरसाठी नाही. क्रोमच्या जातीचे ब्राउझर त्यात चालवताना बहुधा सँडबॉक्स, म्हणजे ब्राउझरचं संरक्षक कुंपण, बंद करावा लागतो, म्हणजे दार उघडं टाकून झोपणं. अशा ब्राउझरमध्ये बँक किंवा सहीचं टोकन मी कोणाला लावू देत नाही.

प्र. माझं मशीन आय६८६ दाखवते. जुनं आहे, पण धडधाकट आहे.

मशीन धडधाकट आहे, पण त्यासाठी आता फारसं कोणी बांधत नाही. क्रोमने ३२-बिट लिनक्स मार्च २०१६ मध्ये सोडलं. फायरफॉक्सची १४४ ही ३२-बिट लिनक्ससाठीची शेवटची नेहमीची आवृत्ती. डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीवर नव्याने बसवायची सोयच नाही. पण आधी प्रोसेसरचं नाव पाहा. 'एलएससीपीयू'मध्ये ६४-बिट लिहिलेलं असेल तर चिप ६४ ची आहे आणि कोणीतरी त्यावर ३२-बिटचं लिनक्स टाकलं आहे. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या मशीनमध्ये हे वारंवार निघतं. नव्याने ६४-बिट टाकलं की निम्मी दुखणी जातात.

प्र. गावात नेट पुरत नाही. पॅकेज तालुक्याहून पेनड्राइव्हवर नेता येईल का?

येईल. 'एपीटी-ऑफलाइन' वापरा. गावच्या मशीनवर ते काय काय लागतं याची एक फाइल बनवतं, ती पेनड्राइव्हवर आणायची, नेट असलेल्या मशीनवर तिच्यावरून सगळं उतरवायचं आणि परत नेऊन बसवायचं. मागणीची फाइल गावच्याच मशीनवर बनते, म्हणून आर्किटेक्चर चुकत नाही. माझ्या दुकानातल्या मशीनवरून थेट पॅकेज कॉपी करून नेलीत तर ती इंटेलची असतील.

प्र. रिस्क-व्हीचा बोर्ड स्वस्त मिळून राह्यला.

रिस्क-व्ही ही इंटेल आणि एआरएमपेक्षा वेगळी, प्रोसेसरची तिसरीच जात. डेबियन १३ ने ऑगस्ट २०२५ मध्ये तिला अधिकृत आधार दिला, शिकायला जरूर घ्या. बंद प्लगइनची अपेक्षा ठेवू नका.

प्र. मग कार्यालयासाठी घ्यावं काय?

टोकन किंवा निविदेचं काम असेल तर इंटेल किंवा एएमडीचं ६४-बिट मशीन, जुनं असलं तरी चालेल, आणि त्यावर .डेबवाला फायरफॉक्स. फक्त शिकवणं, टायपिंग आणि इंटरनेट असेल तर पाय उत्तम, वीजही कमी खातो. मोझिला मार्च २०२५ पासून, आवृत्ती १३६ पासून, ६४-बिट एआरएम लिनक्ससाठी फायरफॉक्स स्वतः बांधून देते, त्यामुळे ब्राउझरची चिंता उरलेली नाही.

प्र. दुकानात आणताना सोबत काय आणू?

टोकन, त्याचा पिन माहीत असलेला माणूस, आणि मशीनसोबत तिचाच अडॅप्टर. पाय ५ ला पुरेपूर वीज हवी असेल तर ५ अँपिअरचा लागतो. मोबाइलच्या चार्जरवर तो सुरू होतो, पण यूएसबीला वीज हातचं राखून देतो, आणि मग टोकन कधी दिसतं, कधी गुल. मागे एक गुरुजी असाच पाय घेऊन तीनदा आले. दर वेळी माझ्या टेबलावर, माझ्या अडॅप्टरवर तो नीट चालायचा.